सर्फबोर्डवरील रेझीनचे दृढीकरण

सर्फबोर्डवरील रेझीनचे दृढीकरण म्हणजे फोमच्या गाभ्यावर अंथरलेल्या काचतंतूंच्या कापडात मुरवलेले द्रवरूप रेझीन रासायनिक अभिक्रियेने कठीण, पुन्हा न वितळणाऱ्या कवचात रूपांतरित होण्याची प्रक्रिया होय. सर्फबोर्ड घडवण्याच्या कामात या टप्प्याला ‘ग्लासिंग’ म्हणतात. बोर्डाचे बळ, जलरोधकता आणि आयुष्य हे प्रामुख्याने या कवचावर अवलंबून असते. दृढीकरण अपुरे राहिल्यास कवच मऊ व चिकट राहते, पाणी गाभ्यात शिरते आणि कित्येक दिवसांच्या मेहनतीने घडवलेला बोर्ड निकामी होतो. घरगुती स्तरावर बोर्ड बनवणाऱ्यांच्या अपयशाचे हे एक प्रमुख कारण आहे.

रचना

आधुनिक सर्फबोर्डाचे दोन मुख्य भाग असतात. आतील गाभा हलक्या फोमचा असून त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. तो पॉलियुरेथेनचा किंवा प्रसरित पॉलिस्टायरीनचा असतो. नंतरचा पदार्थ भारतात ‘थर्माकोल’ या नावाने परिचित आहे. गाभ्याच्या मध्यातून लांबीच्या दिशेने बहुधा लाकडाची एक पातळ पट्टी बसवलेली असते; तिला ‘स्ट्रिंगर’ म्हणतात. गाभ्यावरील बाह्य कवच काचतंतूंचे विणलेले कापड व रेझीन यांचे असते. कापड ताण सहन करते, तर रेझीन तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते व भार सर्वत्र वाटून देते. दोहोंपैकी कोणताही एक घटक एकटा पुरेसा नसतो.

कापडाची जाडी दर चौरस यार्डाला किती औंस या परिमाणात सांगण्याची प्रथा आहे. ४ औंसांचे (दर चौरस मीटरला सुमारे १३५ ग्रॅम) व ६ औंसांचे (सुमारे २०० ग्रॅम) कापड सर्वाधिक वापरले जाते. आखूड बोर्डाच्या तळाला सामान्यतः एक थर, तर पायांचा भार पडणाऱ्या वरच्या बाजूला दोन थर देतात. कोरडे कापड पांढरे दिसते. रेझीन पूर्ण मुरल्यावर ते पारदर्शक होते. काच व रेझीन यांचे अपवर्तनांक जवळजवळ समान असल्यामुळे असे घडते. ज्या ठिकाणी पांढरेपणा उरतो तेथे रेझीन पोचलेले नाही, असे समजावे.

इतिहास

हवाई बेटांवरील पारंपरिक बोर्ड कोआ, विलीविली इत्यादी झाडांच्या अखंड लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात बाल्सा व रेडवुड या लाकडांचा वापर वाढला. पण बाल्साचे लाकूड पाणी शोषत असल्याने त्याला वार्निशाचे संरक्षण अपुरे पडे. १९३०च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॉलिएस्टर रेझीन व काचतंतू यांचे संयुक्त पदार्थ विमाने व नौका यांसाठी वापरले गेले. युद्धानंतर हे साहित्य नागरी बाजारात आले. १९४६ साली पीट पीटरसन यांनी बनवलेला बोर्ड हा काचतंतूंचा पहिला सर्फबोर्ड मानला जातो. त्याच सुमारास बॉब सिमन्स यांनीही बाल्साच्या बोर्डांवर काचतंतू व रेझीन यांचे आवरण देण्यास सुरुवात केली.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस होबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा व्यवहारात आणला. पुढे क्लार्क यांच्या ‘क्लार्क फोम’ या कंपनीने अमेरिकेतील ब्लँकच्या बाजारपेठेवर दीर्घकाळ वर्चस्व गाजवले. डिसेंबर २००५मध्ये ती अचानक बंद झाली व त्यानंतर थर्माकोलचा गाभा आणि इपॉक्सी रेझीन या जोडीकडे अनेक कारागीर वळले.

दृढीकरणाचे रसायन

पॉलिएस्टर रेझीन

सर्फबोर्डासाठी वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझीन म्हणजे असंतृप्त पॉलिएस्टरचे स्टायरीन या द्रवातील द्रावण होय. त्यात मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड (संक्षेपाने एमईकेपी) मिसळले की दृढीकरण सुरू होते. रेझीनमध्ये आधीच असलेले कोबाल्टचे संयुग पेरॉक्साइडचे विघटन सामान्य तापमानाला घडवून आणते. त्यातून निर्माण होणारे मुक्त मूलक पॉलिएस्टर व स्टायरीन यांच्या रेणूंतील दुहेरी बंध उघडतात. पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या स्टायरीनच्या दुव्यांनी एकमेकींना जोडल्या जाऊन त्रिमितीय जाळे तयार होते. एमईकेपीला व्यवहारात ‘कॅटॅलिस्ट’ किंवा ‘हार्डनर’ म्हणतात. परंतु अभिक्रियेत ते स्वतः खर्ची पडत असल्यामुळे शास्त्रीय दृष्ट्या ते उत्प्रेरक नसून प्रारंभक आहे.

ही अभिक्रिया उष्णतादायी आहे. मिश्रण प्रथम काही मिनिटे पातळ राहते, नंतर ते जेलीसारखे होते आणि मग वेगाने तापून कठीण बनते. जेली होईपर्यंतचा अवधी हाच कारागिराच्या हाती असलेला वेळ असतो. लॅमिनेशनसाठी तो साधारणतः १० ते २० मिनिटे मिळावा अशा बेताने मिश्रण करतात. बोर्ड काही तासांत हाताळण्याजोगा होत असला, तरी अंतर्गत जोडणी पुढे अनेक दिवस चालू राहते. म्हणून नवा बोर्ड सुमारे आठवडाभर पाण्यात न नेण्याचा प्रघात आहे.

हवेतील ऑक्सिजन मुक्त मूलकांना निष्क्रिय करतो. त्यामुळे हवेच्या संपर्कातील पृष्ठभागाचा अतिशय पातळ थर चिकटच राहतो, मग आतील रेझीन कितीही कठीण झालेले असो. हा दोष नसून पॉलिएस्टरचा स्वभाव आहे आणि त्यावर पुढील थर चांगला धरतो. शेवटच्या थरांसाठी मात्र स्टायरीनमध्ये विरघळवलेले पॅराफिन मेण रेझीनमध्ये मिसळतात. दृढीकरण होत असताना मेण वर तरंगून पृष्ठभागावर पातळ पडदा धरते व ऑक्सिजनला अडवते. या द्रावणाचे प्रमाण सुमारे २ ते ४ टक्के असते. नवशिके पुष्कळदा बिनमेणाचे रेझीन शेवटच्या थरासाठी वापरतात आणि ते चिकट राहिल्यावर प्रारंभक कमी पडला असा चुकीचा निष्कर्ष काढतात.

इपॉक्सी रेझीन

इपॉक्सीचे दृढीकरण निराळ्या तत्त्वावर होते. यातील हार्डनर हा अमाइन वर्गातील पदार्थ असून त्याचा प्रत्येक रेणू रेझीनच्या रेणूंशी जोडला जाऊन अंतिम जाळ्याचा भाग बनतो. म्हणून दोहोंचे प्रमाण उत्पादकाने ठरवून दिलेलेच असावे लागते. अनेक प्रकारांत ते आकारमानाने २:१ असते. वजनाने घ्यावयाचे प्रमाण आकारमानाच्या प्रमाणाहून वेगळे असल्यामुळे दोहोंची गल्लत करता येत नाही. काम लवकर व्हावे म्हणून जादा हार्डनर घातल्यास जोडीदार न मिळालेले रेणू जाळ्यात मोकळेच राहतात आणि कवच कायमचे मऊ होते. वेग वाढवायचा असल्यास जलद प्रकारचा हार्डनर निवडणे किंवा जागा उबदार ठेवणे हेच मार्ग आहेत.

इपॉक्सीला ऑक्सिजनचा अडथळा होत नाही. मात्र थंड व दमट हवेत हार्डनरची हवेतील बाष्प व कार्बन डायॉक्साइड यांच्याशी अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर मेणचट थर धरतो. तो पाण्याने धुऊन, पुसून व घासून काढल्याविना पुढचा थर दिल्यास थर सुटण्याचा धोका असतो.

थर्माकोलच्या गाभ्यावर इपॉक्सीच वापरावे लागते, कारण पॉलिएस्टर रेझीनमधील स्टायरीन थर्माकोल विरघळवते. पॉलियुरेथेनच्या गाभ्यावर दोन्ही रेझीने चालतात.

अतिनील किरणांनी होणारे दृढीकरण

पॉलिएस्टरच्या एका प्रकारात प्रकाशसंवेदी प्रारंभक मिसळलेला असतो. सावलीत हे रेझीन दीर्घकाळ पातळ राहते आणि उन्हात नेताच काही मिनिटांत घट्ट होते. कामाला वेळ भरपूर मिळतो, हा याचा मोठा फायदा. परंतु गडद किंवा अपारदर्शक रंग मिसळले असल्यास प्रकाश खोलवर पोचत नाही. वरचा भाग कठीण व खालचा कच्चा अशी स्थिती होते. अशा वेळी थोडे एमईकेपीही मिसळण्याची पद्धत आहे.

थरांचा क्रम

पॉलिएस्टरच्या बोर्डावर सामान्यतः पुढील क्रमाने काम होते.

१. लॅमिनेशन : बिनमेणाचे रेझीन बोर्डावरील कापडावर ओतून ‘स्क्वीजी’ नावाच्या लवचीक पट्टीने पसरवतात व जादा रेझीन कडांकडून निथळू देतात. आधी तळ व नंतर वरची बाजू केली जाते. कडांवर दोन्ही बाजूंचे कापड एकमेकांवर येते.

२. हॉट कोट : मेणयुक्त रेझीनचा हा थर ब्रशाने देतात. तो कापडाची वीण भरून काढतो. मेण वर येण्यासाठी थर शांत राहणे आवश्यक असल्यामुळे जेली होऊ लागल्यावर ब्रश फिरवत नाहीत.

३. घासकाम : हॉट कोट पूर्ण कठीण झाल्यावर पॉलिशपेपराने पृष्ठभाग सपाट करतात. या वेळी मेणाचा पडदाही निघून जातो. मेण राहिलेल्या जागी पुढील थर धरत नाही.

४. ग्लॉस कोट : चकाकीसाठी द्यावयाचा हा अंतिम पातळ थर ऐच्छिक असतो. वजन कमी ठेवण्यासाठी अनेक बोर्डांवर तो देत नाहीत.

परिणाम करणारे घटक

प्रारंभकाचे प्रमाण : पॉलिएस्टरसाठी एमईकेपीचे प्रमाण सामान्यतः १ ते २ टक्के ठेवतात. उदाहरणार्थ, ५०० मिलिलिटर रेझीनला १.५ टक्क्याने ७.५ मिलिलिटर एमईकेपी लागते. इतक्या लहान मापात अंदाज चुकण्याचा संभव मोठा असल्याने खुणा केलेली नळी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरणे इष्ट ठरते. प्रमाण फार कमी झाल्यास साखळ्यांची जोडणी अर्धवट राहते. फार जास्त झाल्यास रेझीन भांड्यातच घट्ट होते, तापून पिवळे पडते व कवच ठिसूळ होते.

तापमान : ढोबळमानाने तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की अभिक्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. १८ ते २७ अंश ही कक्षा कामास सोयीची मानली जाते. हवेबरोबरच रेझीन व गाभा यांचे तापमानही महत्त्वाचे असते. रात्रभर गार फरशीवर ठेवलेला डबा खोली तापवल्याने लगेच उबदार होत नाही. उष्ण हवेत प्रमाण १ टक्क्याकडे आणतात, पण सहसा त्याखाली नेत नाहीत. त्याऐवजी लहान लहान घाण्यांत मिश्रण करणे किंवा दिवसाची थंड वेळ निवडणे श्रेयस्कर असते.

मिश्रणाचे आकारमान : भांड्यात साठलेल्या रेझीनमधील उष्णता बाहेर पडू शकत नाही, म्हणून ते लवकर तापते व लवकर घट्ट होते. तेच मिश्रण बोर्डावर पातळ पसरल्यावर मंदपणे दृढ होते. यामुळे मिश्रण होताच ते भांड्यात न ठेवता बोर्डावर ओततात. उलटपक्षी, भांड्यात उरलेले रेझीन कठीण झाले म्हणजे बोर्डावरीलही झाले असे मानता येत नाही.

ढवळणे : भांड्याच्या कडेला व तळाच्या कोपऱ्यांत न मिसळलेले रेझीन राहते. ते बोर्डावर निथळल्यास कठीण पृष्ठभागात मऊ चट्टे उमटतात. कडा खरवडत दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळणे, हा यावरील उपाय होय. इपॉक्सीच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

आर्द्रता व अशुद्धी : ओलसर कापड, दमट गाभा, हातांचा घाम किंवा तेल, तसेच ब्रशात राहिलेले अ‍ॅसिटोन यांमुळे दृढीकरणात व्यत्यय येतो. लाकडी बोर्डावर आणखी एक अडचण उद्‌भवते : शिसवासारख्या काही लाकडांतील नैसर्गिक द्रव्ये पॉलिएस्टरचे दृढीकरण रोखतात.

रंगद्रव्ये : जादा रंगद्रव्याने दृढीकरण मंदावते. रंग रेझीनशी सुसंगत असावा लागतो; भिंतीचे वा कापडाचे रंग यासाठी चालत नाहीत.

साहित्याचे वय : पॉलिएस्टर रेझीन काही महिन्यांतच जुने होते आणि एमईकेपीची शक्तीही कालांतराने घटते. साठवण थंड व अंधाऱ्या जागी करतात. जुन्या साहित्याची चाचणी प्रत्यक्ष बोर्डावर न करता कापडाच्या तुकड्यावर करणे हितावह असते.

गाभ्यातील हवा आणि कामाची वेळ

फोमच्या पोकळ्यांत हवा असते. तापमान चढत असताना ती प्रसरण पावते व ओल्या रेझीनमधून बाहेर पडू पाहते. परिणामी कवचात बुडबुडे व सूक्ष्म छिद्रे राहतात. तापमान उतरत असताना हवा आकुंचन पावते व रेझीन पृष्ठभागात किंचित ओढले जाते. म्हणून सकाळच्या चढत्या उन्हापेक्षा दुपार कलल्यानंतरची वेळ लॅमिनेशनला अनुकूल असते. थर्माकोलच्या गाभ्याच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. त्याचा पृष्ठभाग आधी हलक्या पुट्टीने बंद करून घेण्याचीही पद्धत आहे.

दृढीकरणाची परीक्षा

पृष्ठभाग हाताला कोरडा लागणे हा पुरेसा पुरावा नाही. नखाने दाबल्यास खूण उमटू नये, घासताना कोरडी पांढरी भुकटी पडावी आणि स्टायरीनचा उग्र वास ओसरलेला असावा, या कामचलाऊ कसोट्या आहेत. पॉलिशपेपरात गोळे अडकत असतील तर रेझीन अजून कच्चे आहे. मेणयुक्त थर घासून त्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला असता तो चिकट झाल्यास जोडणी अपुरी असल्याचे कळते. कारखान्यांत कठीणपणा मोजण्यासाठी बारकोल मापक वापरतात.

दोष व उपाय

लॅमिनेशनचा थर चिकट, पण आतून कठीण : पॉलिएस्टरच्या बाबतीत ही अपेक्षित स्थिती आहे. तो न घासता त्यावर मेणयुक्त हॉट कोट देतात.

हॉट कोट चिकट : मेण राहून गेलेले असल्यास योग्य प्रमाणात मेण व प्रारंभक घातलेला आणखी एक पातळ थर देतात.

पॉलिएस्टर सर्वत्र मऊ : प्रमाण कमी किंवा जागा थंड असण्याचा संभव असतो. बोर्ड एक-दोन दिवस उबदार जागी ठेवल्यास बरेचदा दृढीकरण पूर्ण होते. तरीही न झाल्यास वरून योग्य प्रमाणाचा पातळ थर देऊन पाहतात.

प्रारंभक अजिबात न घातलेला : रेझीन आपोआप कठीण होत नाही. ओले कापड ओढून काढून, गाभा साफ करून नव्याने काम करावे लागते.

इपॉक्सी मऊ : प्रमाण बरोबर व हवा थंड असेल तर उबेने सुधारणा होते. प्रमाणच चुकले असेल तर कितीही वाट पाहिली तरी फरक पडत नाही. आवरण खरवडून काढणे एवढाच पर्याय उरतो. कच्च्या थरावर नवा थर चढवल्यास खालचा मऊपणा झाकला जातो, दूर होत नाही.

मऊ चट्टे : अपुऱ्या ढवळण्याचा हा परिणाम होय. तेवढाच भाग कापून तेथे कापड व रेझीन पुन्हा बसवतात.

उब देताना मर्यादा पाळावी लागते. थर्माकोल जादा उष्णतेने आक्रसतो, तर कवचाखाली अडकलेली हवा तापल्याने आवरण गाभ्यापासून सुटते.

सुरक्षितता

एमईकेपी डोळ्यांत गेल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. असे झाल्यास तत्काळ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुऊन वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. मापन करताना संरक्षक चष्मा अनिवार्य समजला जातो. एमईकेपी व कोबाल्टचा त्वरक हे कधीही थेट एकत्र करीत नाहीत, कारण त्यामुळे स्फोटक अभिक्रिया होते. त्वरक वेगळा मिळत असल्यास तो आधी रेझीनमध्ये पूर्ण मिसळून त्यानंतरच एमईकेपी घालतात.

स्टायरीनच्या वाफा ज्वलनशील व श्वसनास अपायकारक असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनचे मूल्यमापन ‘मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात केले. साधा कापडी मुखपट्टा वाफा अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे गाळणे बसवलेला मुखवटा आणि खेळती हवा लागते. इपॉक्सीला वास कमी असला तरी त्याच्या वारंवार स्पर्शाने कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे वापरतात. घासकामातील काचेची धूळ त्वचा व फुप्फुसे यांना त्रासदायक असते. उरलेले तापते मिश्रण कचऱ्याच्या पेटीत न टाकता उघड्यावर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर थंड होऊ देतात.

भारतीय संदर्भ

भारतात तामिळनाडू, कर्नाटक, केरळ, गोवा इत्यादी राज्यांच्या किनाऱ्यांवर सर्फिंग केले जाते. टोकियो येथील २०२० ऑलिंपिक स्पर्धेत (प्रत्यक्ष आयोजन २०२१) या खेळाचा प्रथमच समावेश झाला. कोकण व गोव्यातील मासेमारीच्या फायबरच्या होड्यांची कवचेही काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांचीच असतात. फरक इतकाच की होड्यांसाठी विणलेल्या कापडाबरोबर तुकडे केलेल्या तंतूंची जाड चटई वापरतात. भारतीय बाजारातील सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझीनबरोबर कोबाल्टचा त्वरक अनेकदा वेगळा दिला जातो, त्यामुळे वर सांगितलेल्या मिश्रणक्रमाला येथे विशेष महत्त्व आहे.

किनारी हवामानाचा विचार करता एप्रिल-मेमधील उष्णतेत कामाचा अवधी अतिशय कमी मिळतो, तर पावसाळ्यात कापड व गाभा कोरडे राखणे कठीण जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा व समशीतोष्ण काळ घरगुती कामास सर्वांत सोयीचा ठरतो.

हेही पहा

सर्फिंग
काचतंतू
पॉलिएस्टर
इपॉक्सी
पॉलिस्टायरीन